बिनकल्हईच्या पातेल्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पातेलं आहे आणि मला राग आलेला आहे.

जुन्या वस्तूंनी आपली कहाणी मऊ आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. जुनी छत्री सांगते, जुना कंदील सांगतो, मुलं हळहळतात आणि गोष्ट संपते. मला ते जमायचं नाही. माझ्या पोटात काय शिजलं आणि ते कुणाच्या माथी मारलं गेलं, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तेव्हा हळहळू नका, नीट ऐका.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. तिथल्या एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकाराला आणलं. ठोके खाताना मी बोंब मारत होतो, पण त्याचं एक बरं असतं. ठोका हातोडीचा असतो आणि त्यामागे मनात काही काळंबेरं नसतं. पुढे माणसांत राहायला आल्यावर मला त्या हातोडीची फार आठवण यायची.

इंदापूर तालुक्यात बावड्याच्या अलीकडे एक वाडी आहे. वाडीत ख्रिस्ती लोकांचं छोटं कौलारू मंदिर आहे. उपासनेला जमणाऱ्या या लोकांना 'मंडळी' म्हणतात. मंडळीतल्या बायकांनी कोंबड्यांची अंडी विकून विकून मला घेतलं. त्यांची पुढारी होती म्हाळसा. उंच, सडपातळ, आणि बोलायला लागली की समोरच्याला पळता भुई थोडी. तिनं माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतलं, 'सर्व मंडळीचे'. नाव घालणारा म्हणाला, "बाई, एखाद्या माणसाचं नाव सांगा की." म्हाळसा म्हणाली, "एकाचं घातलं तर भांडणं व्हत्याल. सर्व घाल."

माझं काम वर्षातून एकदा, हंगामाच्या सणाला. पीक घरात आलं की देवाचे उपकार मानायचा हा सण. त्याची एक रीत होती. मंडळीतली प्रत्येक बाई रोज चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य एका मडक्यात बाजूला टाकायची. ती देवाची मूठ. सणाच्या दिवशी घरोघरची मडकी मंदिराच्या अंगणात यायची. ज्वारी-बाजरीचा लिलाव व्हायचा, आणि कडधान्याची एकेक मूठ माझ्यात पडायची. कुणाची मटकी, कुणाची चवळी, कुणाचे हरभरे, कुणाचे हुलगे. सगळ्यांची मिळून एकच आमटी. मटकीचं पिठलं व्हायचं तरी हरभरा टणकच राहायचा, आणि प्रत्येक जण म्हणायचा की अशी आमटी घरी होत नाही.

दुष्काळाच्या साली, बाहत्तरला, मी रोज चुलीवर होतो. मंडळीनं गावासाठी लापशी शिजवली. ज्या लोकांनी म्हाळसाला विहिरीच्या पायरीला कधी पाय लावू दिला नव्हता, तेच लोक ताटल्या घेऊन रांगेत आले. एकानं विचारलं, "आमची रांग वायली लावाल का?" म्हाळसानं पळी वर धरली आणि म्हणाली, "हितं रांग एकच हाय. नको आसल तर घरी जावा." कुणीही गेलं नाही. पुढे पाऊस झाला, पिकं आली, आणि तीच माणसं आमच्या अंगणावरून जाताना पुन्हा धोतर सावरून घेऊ लागली. गरज सरो, वैद्य मरो. त्याचाही मला राग आला होता. पण निदान ते परके आहेत, असं म्हणून मी गिळला.

आपल्या माणसांचा राग गिळता येत नाही. तो आता सांगतो.

मंडळीतली सगळी जुनी घरं ओढ्याच्या अलीकडची, एकाच जातीतून आलेली. ओढ्याच्या पलीकडे दुसऱ्या जातीची घरं. जातींची नावं मी मुद्दाम सांगत नाही. सांगितली की तुम्ही आपापली शोधत बसाल. एवढंच लक्षात ठेवा की गाव दोघांनाही सारखंच लांब ठेवायचं. एसटी थांब्यावरच्या हॉटेलात दोघांसाठी कान तुटलेली कपबशी वेगळी असायची. आमच्या मंडळीचे मुख्य पंच तात्याबा. यांनी तरुणपणी त्याच कपात चहा प्यायला होता आणि स्वतः विसळून खुंटीला अडकवला होता. ही गोष्ट ते सभेत डोळ्यांत पाणी आणून सांगत. आणि तरीही.

पलीकडची साखरबाई नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराला मंदिरात येऊ लागली. उसाच्या खुरपणीवरून परत जाताना गाणी ऐकत भिंतीशी उभी राहायची. मग चपलांपाशी बसू लागली. मग नवरा रामहरी याला घेऊन आली. शेवटी दोघांनी कालव्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. म्हाळसा तोवर देवाघरी गेली होती. तिची सून भामाबाई हिनं विचारलं, "साखरे, कशामुळं आलीस गं?" साखरबाई म्हणाली, "मावशी, हितं म्हणत्यात, समदी लेकरं एकाच बापाची. आमाला आसं कुणी म्हणलंच न्हवतं."

पुढच्या सणाला तिनं मोठ्या हौसेनं आपलं मडकं आणलं. आत हुलगे होते, निवडून पाखडून लख्ख केलेले. तात्याबांनी मडकं घेतलं, आशीर्वाद दिला आणि हुलगे लिलावात ठेवले. माझ्यात नाही. पुढच्या वर्षीही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. शेवटी तिनं विचारलं, "तात्या, माजी मूठ पातेल्यात का पडत न्हाय?"

"लिलावातलं बी देवालाच जातंय की," तात्याबा म्हणाले. मग ती वळल्यावर शेजारच्याला म्हणाले, "बाप्तिस्मा झाला म्हणून काय सोयरीक झाली व्हय?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ना, तो पीळ मी त्या दिवशी बघितला. उपासनेत एकाच बापाची लेकरं आणि अंगणात आल्यावर अलीकडची-पलीकडची!

मग एक नवे पाळकसाहेब आले. पाळक म्हणजे मंडळीचे धर्मगुरू. तरुण होते, बोलायला गोड होते. साखरबाईचा प्रश्न त्यांच्या कानावर गेला तेव्हा त्यांनी सरळ जाहीर केलं, "या वर्षी सगळ्यांच्या मुठी एकाच पातेल्यात पडतील. आणि आमटी साखरबाई शिजवतील." मी मंदिराच्या आतल्या खोलीत उपडा होतो. ऐकून मला इतका आनंद झाला की मी एखाद्या थाळीसारखा वाजलो असतो.

पण आता एक गोष्ट समजून घ्या. पितळी भांड्याला आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात, त्याला कल्हई म्हणतात. कल्हई उडाली आणि आत आंबट शिजवून ठेवलं, की ते पितळ खातं. पदार्थ कळकतो, हिरवट होतो, आणि खाणाऱ्याला उलट्या होतात. पितळ वापरणाऱ्या घरात हे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. म्हणून दर सणाआधी मला कल्हई लागायची आणि ते काम पंचांचं असायचं.

त्या वर्षी कल्हईवाला वाडीत येऊन गेला. भाता फुंकला, नवसागराचा धूर निघाला, गावातली भांडी चकचकीत झाली. मला कुणी बाहेर काढलंच नाही. तात्याबा रुसले होते. रुसवा पाळकसाहेबांवर, आणि निघाला माझ्यावर. सणाच्या आदल्या दिवशी भामाबाई मला घासायला आली. तिनं आत डोकावलं. तळाला पिवळं पितळ उघडं पडलेलं. ती तशीच उठून अंगणात उभ्या असलेल्या तात्याबांकडे गेली. ते तिचे धाकटे दीर.

"भावजी, पातेल्याची कल्हई गेलीया."

"जाऊ द्या, वैनी. पलीकडची मूठ पडणार त्या पातेल्यात, त्याला कल्हई कशापायी? एका वर्सानं काय हुतंय?"

भामाबाई काहीतरी बोलणार होती. बोलली नाही. घरातल्या कर्त्या माणसापुढं कशाला बोला, असं तिला वाटलं असेल. मित्रांनो, या वाडीतली अर्धी पापं या 'कशाला बोला'नं झालेली आहेत.

सणाच्या सकाळी साखरबाई नवी काचेची बांगडी घालून चुलीपाशी आली. तिच्या घरी सगळी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, नाहीतर मातीची भांडी. पितळेत शिजवायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती. सगळ्यांच्या मुठी माझ्यात पडल्या, आणि पहिल्यांदाच तिचे हुलगेही पडले. शिजत आल्यावर तिनं विचारलं, "मावशी, चिंच?" भामाबाईनं चिंचेचा कोळ तिच्या हातात दिला. देताना तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. लगेच पंगत बसली असती तर निभावलं असतं, हा तिचा हिशेब.

पण भाषणं झाली. पाळकसाहेबांनी ऐक्यावर भाषण केलं. बारामतीहून आलेल्या पाहुण्यांनी ऐक्यावर भाषण केलं. तात्याबांनीही केलं, कान तुटलेल्या कपासकट. आणि इकडे ऐक्याची ती आमटी माझ्या उघड्या पितळाला खात बसली होती. मी चटके बसल्यासारखा आतून जळत होतो, पण पातेल्याला तोंड असूनही बोलता येत नाही.

दिवस कलायच्या आत अंगणात ओकाऱ्या सुरू झाल्या. म्हातारी माणसं पोट धरून भिंतीला टेकली. कुणी दगावलं नाही, ही देवाची कृपा. पण पहिल्या ओकारीबरोबर पहिलं वाक्य आलं, "काय घातलंस गं आमटीत?"

साखरबाई घाबरून म्हणाली, "चिंच घातली. भामामावशीनं दिल्याली."

सगळ्यांनी भामाबाईकडे बघितलं. भामाबाई जमिनीकडे बघत राहिली.

"पलीकडच्या हातानं आणिक काय व्हनार?" असं एक जण म्हणाला, आणि मग ते सगळेच म्हणू लागले. कल्हई उडालेलं भांडं त्या अंगणातल्या प्रत्येक बाईनं आयुष्यात कधी ना कधी पाहिलेलं होतं. आमटीवर हिरवट तवंग दिसत होता. तरी एकीनंही तोंड उघडलं नाही. मी हे अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. हा अडाणीपणा नव्हता. त्यांना कारण माहीत होतं, पण त्यांना कारणापेक्षा साखरबाई सोयीची पडली.

संध्याकाळपर्यंत गोष्ट 'हात लागला' इथून 'तिनं मुद्दाम कायतरी कालवलं' इथवर पोचली. पंचांनी ठरवलं की चौकशी होईपर्यंत साखरबाईनं मंदिरात पाऊल टाकू नये. पाळकसाहेब? ते म्हणाले, "थोडे दिवस शांततेनं घेऊ." शांततेनं घ्यायचं म्हणजे साखरबाईनं घ्यायचं, बाकीच्यांना काही घ्यायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातला घोट सगळ्यांनी घ्यायचा, असा हा विधी. त्याआधी पाळक विचारतात, कुणाचं कुणाशी वाकडं असेल तर आधी समेट करा. एरवी हे विचारायचं म्हणून विचारतात आणि सगळे माना खाली घालून पुढं सरकतात. त्या दिवशी साखरबाई पुन्हा बाहेर चपलांपाशी बसली होती. रामहरी रागानं आला नव्हता. तो म्हणाला होता, "गावानं लांब ठिवलं म्हणून हितं आलो, आता हितनं कुठं जायाचं?"

भामाबाई पुढं गेली नाही. ती आतल्या खोलीत आली, माझी कडी धरली आणि मला ओढत निघाली. शहाबादी फरशीवर मी जो खणखणाट केला, तसा उभ्या आयुष्यात केला नव्हता. तिनं मला सगळ्यांपुढं आडवं केलं.

"बघा आत," ती म्हणाली. "हिरवा कळंक बघा. कल्हई न्हवती. मी बघितलं हुतं. भावजींना बी सांगितलं हुतं. आन् तरी चिंच म्याच तिच्या हातात दिली. आसल कुणाचं पाप तर माजं हाय, साखरीचं न्हाय. आता कुणाला मंदिराभाईर काढायचं ते काढा."

मी तात्याबांकडे बघत होतो. आता उठतील, साखरबाईला आत आणतील, असं मला वाटलं. मी भोळा.

तात्याबा घसा खाकरून म्हणाले, "झालं ते झालं. म्हंजी दोष पातेल्याचा."

आणि काय सांगू, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला! कुणाचाच दोष नाही, दोष पातेल्याचा. चोर सोडून संन्याशाला फाशी. साखरबाई सुटली, तात्याबा सुटले, आणि मी सापडलो. साखरबाईला आत बसायला सांगण्यात आलं. माफी मात्र कुणी मागितली नाही, कारण पातेल्याला माफी मागता येत नाही.

सुटका झाली असं दिसायचं, पण पीळ तसाच होता. पुढच्या सणाला जर्मनची दोन नवी पातेली आली. 'गर्दी वाढली' असं कारण सांगितलं. एक अंगणात अलीकडे, एक पलीकडे. कुठल्या पातेल्याशी कुणी बसायचं हे कुणी सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पलीकडच्या पातेल्यापाशी साखरबाईचं घर आणि नव्यानं आलेली तिच्या आळीतली दोन घरं. पाळकसाहेबांनी दोन्ही पातेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. इतका मोठा आवाज आणि इतका लहान कणा मी क्वचितच बघितला.

मला नळाखाली ठेवलं होतं, उष्टी ताटं विसळायला. गंमत बघा, उष्टं सगळ्यांचं माझ्यातच एकत्र व्हायचं होतं. त्याला कुणाची हरकत नव्हती.

दोन्हीकडच्या आमट्या रटरटू लागल्या. तेवढ्यात साखरबाई आपलं मडकं काखेत घेऊन उठली. पलीकडच्या पातेल्यात तिनं एक मूठ टाकली. मग पदर खोचून सरळ अंगण ओलांडून अलीकडं आली. कुणाला काही कळायच्या आत तिनं मडक्यात हात घातला आणि भिजवलेले हुलगे तात्याबांच्या आमटीत सोडले. पळी घेऊन खालवर ढवळलेही.

"आगं, काय केलंस हे!" तात्याबा ओरडले.

साखरबाई घाबरली नाही. तिनं पळी काठाला ठोकून बाजूला ठेवली.

"देवाची मूठ टाकली, तात्या. तुमच्यातबी हुलगं हायती, माजंबी हायती. बसा येचत. माजं कुठलं ते वळकलं तर काढून टाका."

कोण काय ओळखणार! हुलग्यावर कुणी घराचं नाव घालून ठेवलेलं नसतं. सगळे पातेल्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. एका बाईला आपल्याच मंडळीत देवाची मूठ अशी चोरासारखी टाकावी लागते, याचा राग.

पहिलं ताट भामाबाईनं पुढं केलं. "वाढ गं साखरे," ती म्हणाली. "भूक लागलीया." तिच्यामागं एक म्हातारा उठला. मग दोघी सुना. मग रांग लागली, आणि रांगेत दोन्ही आळ्यांची माणसं आपापल्या ताटल्या घेऊन मागंपुढं उभी राहिली. सगळे नाही आले. तात्याबा आणि त्यांच्या भावकीतले काही जण न जेवता घरी गेले. पाळकसाहेब बराच वेळ मधोमध उभे होते. शेवटी तेही ताट घेऊन आले, पण सगळ्यांत शेवटी.

मित्रांनो, मला घासून पुसून कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. मला पुन्हा कल्हई लागली नाही तरी चालेल, मी ताटं विसळीन. पण तुमच्या शाळेत, गावात, देवळात, मंदिरात कुठे दोन पातेली मांडलेली दिसली, तर 'गर्दी वाढली' हे कारण ऐकून घेऊ नका. आणि एखाद्या साखरबाईवर कुणी आळ घेतला, आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच क्षणी बोला. पुढच्या रविवारची वाट बघू नका. भामाबाई बोलली म्हणून लोक आजही तिचं कौतुक करतात, पण ती स्वतः करत नाही. मधल्या त्या आठवड्यात साखरबाई घराबाहेर पडली नव्हती, आणि तिच्या चुलीवर काही शिजलं नव्हतं.